चिठ्ठी आणि ताट

शास्त्रपाठ : नहेम्या ८:९-१२, लूक १:५-१० आणि २:८-२०



डिसेंबर महिना लागला म्हणजे आम्हांस सेवेच्या निमित्ताने सावंतवाडीहून बांद्यामार्गे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात उतरावे लागते. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मराठी बोलणारी थोडी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी नोकरीसाठी आलेले, कोणी खाणींच्या कामासाठी येऊन तेथेच राहिलेले. त्यांच्या घरी बसून शास्त्र वाचावे, प्रार्थना करावी, मुलांना दोन गीते शिकवावी, एवढीच आमची सेवा. पण खरे सांगावयाचे तर तेथे आम्ही जे देतो त्याहून अधिक तेथून घेऊन येतो. आज आपणांपुढे जे ठेवणार आहो तेही बहुतेक तेथेच मिळालेले आहे.

हे दोन तालुके गोव्याच्या नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज सत्तेखाली गेले. त्यामुळे सासष्टी आणि बारदेश यांच्याप्रमाणे येथे गावोगाव मोठी चर्चे दिसत नाहीत. हिंदू समाज मोठा, ख्रिस्ती समाज लहान आणि तोही बहुतेक रोमन कॅथलिक. आपल्यासारखे प्रॉटेस्टंट तर हाताच्या बोटांवर मोजावे इतके. तरीही नाताळचे दिवस आले की पेडण्याच्या रस्त्यावरून जाताना घराघरांवर कागदाची नक्षत्रे लागलेली दिसतात, अंगणात गोठ्याचा देखावा मांडलेला असतो, आणि चोवीस तारखेच्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी माणसे नवे कपडे घालून निघालेली असतात.

‘नाताळ’ हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आला आहे. मराठीत तो इतका मुरला की आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही तो आपलाच म्हणून वापरला. आणि ख्रिस्तजन्माची कथाही आपल्या भाषेत गोव्यातच फार पूर्वी सांगितली गेली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. बेथलेहेमचे मेंढपाळ मराठी ओव्यांतून गोव्यात येऊन चारशे वर्षांवर काळ लोटला आहे.

या सणातील एक चाल आम्हांस विशेष प्रिय आहे. नाताळच्या आधी आठ-पंधरा दिवस गोव्यातील ख्रिस्ती घरांत फराळाची गडबड सुरू होते. त्या सगळ्या गोडधोडाला ‘कुसवार’ म्हणतात. नेवऱ्या, कुलकुल, चण्याच्या डाळीचे दोस, तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ घालून तासन्‌तास ढवळलेले दोदोल, थरावर थर देत भाजलेले बिबिंक. पण हे करून झाले म्हणजे काम संपत नाही. त्यांतले थोडे थोडे ताटात मांडून, वर विणलेला रुमाल झाकून, ते ताट शेजाऱ्यांकडे पाठवावयाचे असते. याला ‘कोन्सोआदा’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला लावतात. गोव्यात आल्यावर ते जेवण घरातून उठले आणि ताटात बसून शेजारी निघाले! हिंदू शेजाऱ्याने चतुर्थीला नेवऱ्या पाठवल्या असतील तर नाताळला त्याच्या घरी कुसवार जाते. आणि ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरी गोड करीत नाहीत. तेव्हा त्या घरी आठवणीने ताट पाठवतात.

परंतु याच सणाच्या अंगणात आणखी एक पाहुणा येऊन उभा असतो. त्याचे नाव लॉटरी. नाच-गाण्याच्या कार्यक्रमात टॉम्बोला, चर्चच्या मदतीसाठी बक्षिसांची सोडत, क्लबात हाऊजी, नाक्यावर बंपरची तिकिटे, आणि आडोशाला मटक्याचा आकडा. हे फक्त ख्रिस्ती लोकांचेच नव्हे, जत्रांतून चालणारा जुगारही सर्वांस ठाऊक आहे. पण आपण येथे आपल्या घरापुरते बोलू.

एका बांधवाचा प्रश्न

२०१२ साली गोव्याच्या खाणी बंद पडल्या. पुढे त्या काही काळ चालू झाल्या आणि २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्याच्या कितीतरी घरांची चूल या खाणींवर पेटत होती. त्याच २०१८ च्या डिसेंबरात आम्ही तेथे एका घरी प्रार्थनेस बसलो होतो. घरधन्याने कर्ज काढून खनिज वाहून नेणारा ट्रक घेतला होता. तो ट्रक अंगणात उभा होता, आणि त्याच्या चाकांभोवती गवत वाढले होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी खिशातून लॉटरीची पाच तिकिटे काढून शास्त्राशेजारी ठेवली आणि म्हणाले, “ब्रदर, यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करा. लागले तर दशमांश प्रभूचा. नव्हे, पाचवा हिस्सा देईन. मग यात पाप कसले? आणि पाप म्हणाल तर शास्त्रात देवाच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकल्याच आहेत की!”

आमची थोडीशी पंचाईत झाली. हा मनुष्य जुगारी नव्हता. बुडत होता आणि हाताला लागेल ते धरीत होता. अशा माणसाला शास्त्रातले एक वचन फेकून मारणे सोपे असते, पण ते प्रभूच्या दासाचे काम नव्हे. आम्ही तिकिटांवर हात ठेवला नाही. त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि प्रार्थना केली. परंतु त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे राहून गेले. ते उत्तर शोधीत शोधीत आम्ही जे शिकलो ते असे.

१. देवाच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या कशासाठी?

आमच्या त्या बांधवाचे म्हणणे खरे आहे. फार काय, नाताळच्या कथेचा आरंभच एका चिठ्ठीने होतो. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या नावाचा वृद्ध याजक आहे. मंदिरात जाऊन धूप जाळण्याची पाळी कोणाची, हे याजकांच्या रीतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकून ठरले आणि ती त्याच्यावर आली. तेथेच त्याला देवदूत भेटला. चिठ्ठी नसती तर जखऱ्या त्या दिवशी आत गेला नसता.

पण पाहा, त्या चिठ्ठीने जखऱ्याला काय मिळाले? पैसा नव्हे, सेवेची पाळी मिळाली. याजक पुष्कळ होते, सेवा एक होती. कोणी वशिला लावू नये, कोणी मोठेपणा मिरवू नये, म्हणून निवड देवावर सोपविली. आणि ज्यांची नावे निघाली नाहीत त्यांच्या कमरेच्या कशातून एक पैसाही गेला नाही.

आता यहोशवाच्या पुस्तकात जा. शिलो येथे यहोशवाने चिठ्ठ्या टाकून वंशांना देश वाटून दिला. गणनेच्या २६ व्या अध्यायात त्याचा नियम दिला आहे : मोठ्या वंशाला मोठे वतन, लहानाला लहान. चिठ्ठी होती, पण कोरी चिठ्ठी नव्हती! कोणाला डोंगर मिळाला, कोणाला सपाटी मिळाली, परंतु रिकाम्या हाताने घरी कोणी गेला नाही. लेव्यांना जमिनीचे वतन मिळाले नाही, तर त्यांना राहण्यास नगरे दिली गेली आणि परमेश्वर स्वतःच त्यांचा वाटा झाला.

तिसरे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांतले. यहूदाची जागा भरावयाची होती, तेव्हा प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. त्याला काय बक्षीस लागले? साक्ष देण्याचे ओझे, आणि त्याबरोबर येणारे दुःख. यानंतर पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला. आणि मंडळीने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे नव्या करारात कोठेही लिहिलेले नाही. ज्या घरात बाप स्वतः मुलांशी बोलू लागला तेथे चिठ्ठीची गरज राहिली नाही.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत एकतीस डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलण्याची रीत आहे. तिला आम्ही वाईट म्हणत नाही. तीत कोणाचे नुकसान नाही आणि प्रत्येकाच्या हाती देवाचे वचनच येते. फक्त ते वचन पंचांगातील भविष्याप्रमाणे वाचू नये, एवढीच विनंती. मनासारखे निघाले नाही म्हणून हळूच दुसरी चिठ्ठी उचलणारे हात आम्ही पाहिले आहेत. (आणि एकदा तो हात आमचाच होता!)

२. दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या

शास्त्रात दुसऱ्या प्रकारच्याही चिठ्ठ्या आहेत. एस्तेरच्या पुस्तकात हामानाने ‘पूर’ म्हणजे चिठ्ठी टाकून यहूद्यांच्या नाशाचा महिना ठरविला, आणि त्या आज्ञापत्रात त्यांची मालमत्ता लुटण्याचीही मोकळीक होती. आणि वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. ही शास्त्रातील सर्वांत भयंकर सोडत. वर जगाचा तारणारा सर्वस्व देत होता, आणि खाली चार माणसे त्याचे वस्त्र कोणाला लागते ते पाहत होती. जे फुकट मिळणार होते त्याकडे त्यांची पाठ होती.

दोन्ही प्रकारांतला भेद लहान मुलालाही समजेल. पहिल्या चिठ्ठीत सेवा आणि वाटा वाटला जातो. दुसऱ्या चिठ्ठीत एकाच्या नुकसानीवर दुसरा उभा राहतो. आता आपण विचारू, की लॉटरी यांपैकी कोणत्या प्रकारची?

साधा हिशेब करून पाहा. केरळ राज्याने १९६७ साली आपली लॉटरी सुरू केली. आपल्या महाराष्ट्र राज्याची १९६९ साली सुरू झाली. केरळच्या नाताळ-नववर्ष बंपरचे पहिले बक्षीस २०२४ च्या जानेवारीत २० कोटी रुपयांचे होते आणि तिकीट ४०० रुपयांचे. म्हणजे त्या एका बक्षिसाची रक्कम उभी करावयास पाच लाख तिकिटे विकावी लागतात. पाच लाख तिकिटांचे पैसे गेले पाहिजेत, तेव्हा एका माणसाचे घर भरते. ज्याला बक्षीस लागते त्याने कोणाची चोरी केलेली नसते, हे खरे. परंतु इतर सर्वांची तिकिटे कोरी निघावीत, अशीच प्रत्येक तिकीट घेणाऱ्याची आशा असते. शेजाऱ्याचे वाईट व्हावे असे न म्हणता ते इच्छावयास लावणारी ही युक्ती आहे.

कोणी म्हणेल, पण लॉटरीचा पैसा चांगल्या कामास जातो. हेही पूर्णपणे खोटे नाही. लिस्बन येथील मिझेरिकॉर्दिया ही दयाधर्माची संस्था १४९८ साली स्थापन झाली. रुग्ण आणि टाकून दिलेली मुले यांच्या सेवेसाठी पैसा पुरेना, म्हणून १७८३ साली पोर्तुगालच्या राणीने तिला लॉटरी काढण्याची परवानगी दिली. तेच वळण पोर्तुगीज काळात गोव्यातही आले. स्पेनमध्ये फ्रेंचांशी युद्ध चालू असता खजिना रिकामा झाला, तेव्हा १८१२ साली कादिझ शहरात डिसेंबरात सोडत काढली. आजही तेथे २२ डिसेंबरला नाताळची मोठी सोडत निघते, आणि शाळेतली मुले बक्षिसांचे आकडे गाऊन सांगतात. स्पेनची वहिवाट समुद्र ओलांडून दूर कॅरिबियन बेटांतही गेली. पोर्तो रिको बेटावर नाताळच्या दिवसांत घरोघर गात जाण्याची आणि खाऊ देण्याची सुरेख रीत आहे, आणि त्याच दिवसांत तेथे खास सोडतही निघते. म्हणजे ताट आणि तिकीट हे दोन पाहुणे केवळ गोव्याच्याच अंगणात उभे आहेत असे नाही.

दवाखाना चांगला, अनाथांची सेवा चांगली. परंतु दाविदाने अरवनाला काय उत्तर दिले ते आठवा. खळे, बैल, लाकडे सारे फुकट मिळत असताना त्याने किंमत मोजून घेतले. ज्यासाठी स्वतःला काही सोसावे लागले नाही असे अर्पण देवाला देण्यास तो तयार नव्हता. आणि दानपेटीपाशी आलेली ती विधवा पाहा. तिने दोन टोल्या टाकल्या, तेव्हा तिला कोणी पावती दिली नाही आणि तिच्या पावतीवर नंबर नव्हता. तिकीट घेणारा मनुष्य देत नाही. तो विकत घेतो. अर्पण आणि तिकीट यांत हाच भेद आहे. देवाच्या कामासाठी लोकांकडून पैसा काढण्याकरिता त्यांच्या लोभालाच हाक मारावी लागत असेल, तर आपण पैसा मिळवू, पण दाते गमावू.

यशयाच्या ६५ व्या अध्यायात भाग्याच्या दैवतापुढे ताट वाढणाऱ्या लोकांची गोष्ट आहे. परमेश्वराला विसरून ते नशिबाला जेवू घालीत होते. हे वाचले की आम्हांस ताट कोणाच्या दारी जाते याचा विचार पडतो. घरातले पहिले ताट नशिबापुढे गेले तर शेजाऱ्याला पाठवावयास काय उरणार?

आमचा स्वतःचा दोष

हे सारे आम्ही दुसऱ्यांना शिकवावे असे नाही. आधी आम्हीच चुकलो आहो. तरुणपणी एका मंडळीत आमच्याकडे शब्बाथ शाळेचे काम होते. मंदिराच्या छपराची कौले बदलावयाची होती. नाताळच्या कार्यक्रमात सोडत काढावी ही कल्पना आम्हीच कमिटीपुढे मांडली. तिकीट पाच रुपये, पहिले बक्षीस सायकल. तिकिटे विकण्यासाठी शब्बाथ शाळेच्या मुलांनाच दारोदार पाठविले. मुलांना मौज वाटली, पैसेही जमले, आणि पुष्कळांनी आमची पाठ थोपटली.

त्या वर्षीच्या नाटिकेत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मेंढपाळ झाला होता. त्याचे वडील वारले होते. त्याने खाऊचे पैसे साठवून एक तिकीट घेतले होते, आणि पंधरा दिवस रोज रात्री त्या नंबरासाठी प्रार्थना केली होती, हे आम्हांस मागाहून कळले. नाटिका झाली. देवदूत झालेल्या मुलीने सर्व लोकांसाठी असलेली आनंदाची वार्ता खणखणीत आवाजात सांगितली. लगेच त्याच व्यासपीठावर टेबल मांडून सोडत निघाली. सायकल अशा घरी गेली की जेथे दारात मोटारसायकल उभी होती. आम्ही सामान आवरीत होतो. तो मुलगा खांद्यावरचे कांबळे न काढताच जवळ आला आणि म्हणाला, “सर, देवाला माझा नंबर दिसला नाही का?”

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करताना आम्ही कठीण कठीण प्रश्नांची उत्तरे लिहिली, पण याहून कठीण प्रश्न आम्हांस कोणी घातला नाही. वार्ता सर्वांसाठी आहे असे आम्ही त्याला तोंडाने शिकविले, आणि अर्ध्या तासात, ती एकासाठीच असते असे हातांनी शिकविले. कौले बदलली. पण त्या मुलाच्या मनात देवाविषयी जे बसले ते बदलावयास आम्हांस पुष्कळ दिवस त्याच्या घरी जावे लागले.

३. देवाने ताट पाठविले

तर मग नाताळ म्हणजे काय? देवाने सोडत काढली आणि बेथलेहेमचा नंबर लागला, असे नव्हे. देवाने ताट पाठविले.

यरुशलेमेत एज्राने लोकांना नियमशास्त्र वाचून दाखविले तेव्हा लोक रडू लागले. त्यांना सांगण्यात आले की आज रडू नका. चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. गोव्यातील दुखवट्याच्या घरी जाणारे ताट ही या वचनाची जिवंत टीका आहे, असे आम्हांस वाटते. ज्या घरात आज चूल गोडासाठी पेटणार नाही तेथे सण आपण होऊन चालत जातो.

आणि हामानाच्या चिठ्ठीचे पुढे काय झाले तेही पाहा. देवाने आपल्या लोकांस वाचविले, आणि त्यांनी जो सण पाळला त्याला त्या ‘पूर’ शब्दावरूनच ‘पुरीम’ हे नाव पडले. त्या सणात त्यांनी काय केले? पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या काय? नाही. एकमेकांना ताटे पाठविली आणि गरिबांना देणग्या दिल्या. चिठ्ठीच्या नावाचा सण ताटांचा सण झाला! एस्तेरच्या नवव्या अध्यायात हे सर्व लिहिलेले आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी तो अध्याय डिसेंबरात मुलांना अवश्य सांगावा.

याच्याही पुढे बेथलेहेम. मेंढपाळ रात्री रानात राखण करीत होते. त्यांनी तिकीट घेतले नव्हते, त्यांचा वशिला नव्हता. देवदूत आला तो त्यांच्याकडे. पण वार्ता त्यांच्यापुरती नव्हती, ती सर्व लोकांसाठी होती. त्यांनी जाऊन बाळाला पाहिले तेव्हा गव्हाणीतून काही कमी झाले नाही, आणि आपणांस मिळाले म्हणून दुसऱ्याचे बुडाले असेही झाले नाही. उलट ते जाता जाता सर्वांना सांगत गेले. ज्याला लॉटरी लागते तो आधी दार लावून घेतो. ज्यांना ख्रिस्त मिळाला ते दार उघडून बाहेर पडले.

पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच एका वाक्यात सांगतो. लॉटरीत पुष्कळ जण थोडे थोडे गरीब होतात आणि एक जण श्रीमंत होतो. ख्रिस्ताने हा हिशेब उलटा केला. तो एकटा, सर्व वैभव असताना, आपण होऊन दरिद्री झाला, ते पुष्कळांनी संपन्न व्हावे म्हणून. या वाटणीत कोरी चिठ्ठी नाही.

मग आपण काय करावे?

घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी. या नाताळात शेव-चकली, करंज्या, केक जे काही कराल त्यांतले एक ताट अशा घरी पाठवा की जेथून ते परत भरून येण्याची आशा नाही. आपल्यातही रिकामे ताट परत करू नये अशी रीत आहे; म्हणून पाठविताना सांगा, की ताट राहू द्या, नंतर नेऊ. मुलांच्याच हाती पाठवा. तिकिटे विकण्यासाठी जे पाय दारोदार गेले असते ते ताट घेऊन जाऊ द्या.

मंडळीच्या पंचांस आणि कमिटीस विनंती अशी. मंदिराची डागडुजी, दिवाणखाना, ध्वनिक्षेपक यांसाठी पैसा लागतो हे आम्हांस ठाऊक आहे. गरज मंडळीपुढे उघड मांडा, जमाखर्च भिंतीवर लावा, आणि अर्पण मागा. जमले तेवढ्यात काम करा. थोडे कमी पडले तर पावसाळ्यात मंदिराच्या एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागेल. पण मुलाच्या मनात गळती लागण्यापेक्षा छपराला लागलेली बरी.

आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, बक्षीस द्यावयाचे असेल तर ते पाठांतराला द्या, हजेरीला द्या, आणि शक्य तेथे प्रत्येक मुलाला काही तरी द्या. मुले देवाविषयी आपल्या धड्यांतून शिकतात त्याहून अधिक आपल्या कार्यक्रमांतून शिकतात.

आता त्या डिचोलीच्या बांधवाविषयी. पुढल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा हे सारे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पाचांपैकी एकही तिकीट लागले नव्हते, आणि त्या नाताळात त्यांचे कर्ज फिटले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. देव तिकीट सोडणाऱ्याला दुसऱ्या वाटेने पैसा देतोच, असे आम्ही कोणास शिकवीत नाही. ती दुसरी लॉटरीच होईल. पण आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, “ब्रदर, आता प्रार्थना ट्रक विकण्यासाठी करा. विकावयाचे माझ्या जिवावर येते, म्हणून तिकिटे घेत होतो.” आम्ही तेथेच, गवत वाढलेल्या त्या चाकांपाशी उभे राहून प्रार्थना केली. शेजारच्या कॅथलिक आजींनी त्यांच्या घरी पाठविलेले ताट ओटीवर झाकून ठेवलेले होते. बाईंनी त्यांतलेच दोदोल कागदात बांधून आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, “वाटेत पेडण्याला त्या घरी द्या. त्यांच्या सासूबाई गेल्या महिन्यात वारल्या.”

ज्यांच्याकडे देण्यास काही नव्हते त्यांच्या घरातूनही ताट पुढे निघाले होते.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आपला पुत्र आम्हां सर्वांसाठी दिलास, एकालाही वगळले नाहीस, म्हणून आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. ज्यांच्या अंगणात काम थांबले आहे, ज्यांच्यावर कर्जाचे ओझे आहे, ज्यांच्या घरी या वर्षी गोड होणार नाही, त्यांची आठवण आम्हांस दे. नशिबाच्या दारी उभे राहण्यापासून आमचे पाय फिरव आणि शेजाऱ्याच्या दारी ने. आमच्या मुलांना कळू दे की तुला त्यांचे नंबर नव्हे, नावे ठाऊक आहेत. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.